पदवीधरांच्या वेतनाची आकडेवारी आणि अभ्यासक्रमाची निवड : तारापूर-बोईसर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :

बारावीचा निकाल लागला की पालघर, बोईसर, डहाणू परिसरातील महाविद्यालयांच्या प्रवेश खिडकीपाशी एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "सर, हे केल्यावर पगार किती मिळतो?" प्रश्न विचारणारा बहुधा पालक असतो. कोणी मच्छीमार असतो, कोणी चिकूच्या वाडीत राबणारा, कोणी तारापूर औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी कामगार. आपण प्राध्यापक मंडळी या प्रश्नाने काहीशी अवघडतो आणि 'शिक्षणाचा हेतू केवळ नोकरी नव्हे' असे काहीतरी बोलून वेळ मारून नेतो. ज्याच्या खात्यात दरमहा निश्चित वेतन जमा होते, त्याने हे सांगणे सोपे असते. प्रश्न मात्र रास्त आहे. पदवीधरांना प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेतनाची आकडेवारी विद्यार्थ्यांच्या निवडीस मार्गदर्शक ठरावी काय आणि ठरावी तर कोणत्या मर्यादेत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आकडेवारीचे स्रोत :

काही देशांत ही आकडेवारी शासनच प्रसिद्ध करते. इंग्लंडमध्ये शाळा व विद्यापीठातील नोंदी कर खात्याच्या नोंदींशी जोडून कोणत्या विद्यापीठातून कोणता विषय घेऊन बाहेर पडलेले पदवीधर काही वर्षांनी किती कमावतात, हे सांगितले जाते. अमेरिकेत २०१५ साली 'कॉलेज स्कोअरकार्ड' या नावाने अशीच माहिती खुली झाली. आपल्याकडे असा दुवा नाही. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण २०१७-१८ पासून रोजगार व मिळकतीची माहिती देते. पण त्यातून पदवीधर कोणत्या महाविद्यालयाचा हे कळत नाही. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात महाविद्यालय कळते, पण वेतन नसते.

उरते ती महाविद्यालयांनी स्वतः दिलेली माहिती. २०१६ पासून जाहीर होणाऱ्या राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारीसाठी नोकरी मिळालेल्या विद्यार्थ्यांचे मध्यक वेतन कळवावे लागते. नॅकच्या पाचव्या निकषाखाली विद्यार्थ्यांच्या प्रगतीचा तक्ता भरताना नियुक्तीच्या वेळचे वेतन नोंदवावे लागते. हा तक्ता कसा भरला जातो, हे वाचकांस सांगण्याची गरज नाही. समितीची भेट जवळ आली की माजी विद्यार्थ्यांना दूरध्वनी सुरू होतात. जो फोन उचलतो त्याची नोंद होते आणि फोन बहुधा तोच उचलतो ज्याचे बरे चालले आहे.

मध्यक कोणाचा?

येथे एक कल्पित उदाहरण घेऊ. एका वर्गातून १०० विद्यार्थी पदवीधर झाले. ३० जण पुढील शिक्षणास गेले. २० जणांना महाविद्यालयामार्फत नोकरी लागली व त्यांचे मध्यक वेतन वार्षिक २ लाख ४० हजार रुपये आले. माहितीपत्रकात हाच आकडा छापला जातो. उरलेल्या ५० जणांचे काय? समजा, त्यांपैकी ४० जण वार्षिक १ लाख २० हजारांवर कोठेतरी लागले आणि १० जण घरी बसले. आता ७० जणांचा एकत्रित मध्यक काढला तर तो १ लाख २० हजार येतो, म्हणजे छापलेल्या आकड्याच्या बरोबर निम्मा. कोणी खोटे बोललेले नाही. केवळ छेद बदलला आहे.

हा छेदाचा प्रश्न भारतात विशेष गंभीर आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या भारतविषयक रोजगार अहवालानुसार २०२२ मध्ये तरुण पदवीधरांमधील बेरोजगारीचे प्रमाण २९.१ टक्के होते. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये ते ३.४ टक्के होते. याचा अर्थ शिक्षणाने बेकारी येते असा नव्हे. निरक्षर तरुणास बेकार राहणे परवडत नाही. पदवीधर मात्र घरच्यांच्या आधारावर अपेक्षित नोकरीची वाट पाहतो. परंतु जेथे दर दहांतील जवळपास तीन तरुण पदवीधर कामाच्या शोधात आहेत, तेथे केवळ नोकरी लागलेल्यांचे वेतन दाखवणे म्हणजे परतलेल्या होड्यांवरून समुद्राचा अंदाज बांधण्यासारखे आहे.

पदवीचा परिणाम की विद्यार्थ्याचा?

छेद दुरुस्त झाला तरी दुसरी अडचण उरते. मुंबईतील नामांकित महाविद्यालयाचा पदवीधर अधिक कमावतो, त्यात महाविद्यालयाचा वाटा किती आणि त्याच्या गुणांचा, इंग्रजीचा, घरच्या ओळखींचा किती? अमेरिकेत डेल व क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सारख्याच दर्जाच्या महाविद्यालयांत अर्ज केलेल्या व प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांची तुलना केली. अधिक निवडक महाविद्यालयात गेल्याने बहुतेकांच्या मिळकतीत लक्षणीय फरक पडलेला दिसला नाही. अपवाद होता तो अल्प उत्पन्न गटातील विद्यार्थ्यांचा; त्यांना लाभ झाला. हा अपवाद आपल्या दृष्टीने मूळ निष्कर्षाहून महत्त्वाचा आहे. ज्याच्या घरी काहीच नाही, त्याच्यासाठी संस्थेची निवड अधिक मोलाची ठरते.

इंग्लंडमधील एका संशोधन संस्थेने २०२० मध्ये कर-नोंदींच्या आधारे असा अंदाज वर्तविला की सुमारे पाचांतील एक पदवीधर विद्यापीठात न जाता आर्थिकदृष्ट्या अधिक बरा राहिला असता. जुलै २०२३ मध्ये तेथील शासनाने, ज्या अभ्यासक्रमांतून चांगले रोजगार मिळत नाहीत त्यांच्या प्रवेशसंख्येवर मर्यादा आणण्याचे जाहीर केले. विद्यार्थ्यास माहिती देण्यासाठी गोळा झालेला आकडा विभाग बंद करण्याचे साधन कसा होऊ शकतो, हे यावरून ध्यानी यावे. मराठी, इतिहास, तत्त्वज्ञान या विभागांतील सहकाऱ्यांची धास्ती अनाठायी म्हणता येणार नाही.

डी.एड.चा अनुभव :

वेतनाचा आकडा नेहमी कालचा असतो आणि निवड उद्यासाठी करावयाची असते. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड फ्रीमन यांनी १९७६ साली अभियंत्यांच्या बाजारपेठेविषयी हे दाखवून दिले : वेतन चढते, मुले लोटतात, ती बाहेर पडेपर्यंत पुरवठा वाढलेला असतो, वेतन पडते, मग मुले पाठ फिरवतात. महाराष्ट्रास यासाठी अमेरिकेकडे पाहण्याचे कारण नाही. आपल्यासमोर डी.एड. आहे.

या शतकाच्या पहिल्या दशकात बारावीनंतरच्या दोन वर्षांच्या या पदविकेसाठी ग्रामीण महाराष्ट्रात झुंबड उडाली होती. हिशेब सरळ होता. २००० साली शिक्षणसेवक योजना आली, तीत पहिली तीन वर्षे अल्प मानधन असले तरी पुढे जिल्हा परिषदेची कायम वेतनश्रेणी निश्चित होती. तेव्हा जर कोणी अभ्यासक्रमनिहाय वेतनाचा तक्ता केला असता, तर डी.एड. त्यात बी.ए., बी.कॉम.च्या कितीतरी वर झळकले असते आणि तो तक्ता खराच असता. अध्यापक विद्यालये गावोगाव निघाली. अनेक कुटुंबांनी जमीन गहाण ठेवून मुलामुलींना तेथे घातले. मे २०१२ मध्ये शासनाने शिक्षकभरती थांबवली. पुढे पात्रता परीक्षा आली, पवित्र पोर्टल आले, भरती रखडत राहिली. पदविका हाती असलेले तरुण वयोमर्यादा ओलांडून गेले आणि विद्यालये विद्यार्थ्यांअभावी बंद पडत गेली. आपल्या जिल्ह्यातही जव्हार, मोखाडा, विक्रमगड भागात पदविका घेऊन घरी बसलेल्या तरुणांची उणीव नाही.

या घटनेत आकडा चुकला नव्हता. त्या आकड्यामागे शासनाचा एक निर्णय उभा होता आणि तो बदलू शकतो, हे पालकांना कोणी सांगितले नाही. आज वाढवण बंदराबाबत हेच लक्षात ठेवावयास हवे. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६ हजार २२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पास मान्यता दिली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पायाभरणी झाली. किनाऱ्यावरील मच्छीमारांचा त्यास विरोध आहे. असे असताना बंदर-व्यवस्थापन, मालवाहतूक अशा नावांचे अभ्यासक्रम निघाले आणि त्यांत अपेक्षित वेतनाचे आकडे दिले गेले, तर ते कोठून आले हे विचारणे आपले कर्तव्य ठरेल.

तारापूरचे वेतन :

या परिसरात १९६९ मध्ये अणुविद्युत केंद्र कार्यान्वित झाले. बोईसरलगतच्या औद्योगिक वसाहतीत रसायने, औषधे, वस्त्रोद्योग व पोलाद यांचे कारखाने आहेत. त्यामुळे रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या विद्यार्थ्यास घरापासून काही किलोमीटरवर काम मिळण्याची शक्यता असते, जी मराठवाड्यातील त्याच्या समवयस्कास नसते. परंतु येथील 'पगार' या एका शब्दात बऱ्याच गोष्टी दडलेल्या असतात. नियुक्ती कंपनीची की कंत्राटदाराची? भविष्यनिर्वाह निधी कापला जातो काय? पाळी आठ तासांची की बारा? रसायनांचा संपर्क किती? जानेवारी २०२० मध्ये या परिसरातील एका कारखान्यात झालेल्या स्फोटात जीवितहानी झाली. अशा घटना एकदाच घडलेल्या नाहीत. वेतनाच्या रकान्यात ही जोखीम कोठेच उतरत नाही.

मुलींबाबत हिशेब आणखी वेगळा होतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने स्त्रियांच्या रात्रपाळीवर घातलेले निर्बंध दीर्घकाळ राहिले. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या संहितेने संमती व सुरक्षिततेच्या अटींवर ती वाट मोकळी केली. तरी रात्री कारखान्यातून गावातल्या पाड्यापर्यंत पोहोचायचे कसे, हा प्रश्न संहितेने सुटत नाही. चर्चगेटपासून बोईसर सुमारे १०० किलोमीटर. २०१३ पासून उपनगरीय गाड्या डहाणूपर्यंत येऊ लागल्या. पण मुंबईतील नोकरीचे चार हजार रुपये अधिक, की रोजचे चार-पाच तास प्रवासात न घालवता घरी राहणे, याचे उत्तर मध्यकाने मिळत नाही.

शिवाय काही कामांचे मोल वेतनाच्या तक्त्यात दिसतच नाही. याच जिल्ह्यात बोर्डी व पुढे कोसबाड येथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी बालकांच्या शिक्षणाचे जे प्रयोग केले, त्यांतून अंगणवाडीची कल्पना रुजली. बालशिक्षणाच्या अभ्यासक्रमातून बाहेर पडणाऱ्या मुलीचे मानधन आजही तुटपुंजे असते. तो दोष अभ्यासक्रमाचा समजावा की समाजाच्या प्राधान्यक्रमाचा?

मग आकडेवारी द्यावी काय?

इतके आक्षेप नोंदवूनही माझे मत, ती द्यावी असेच आहे. शिक्षित, सधन कुटुंबातील विद्यार्थ्यास ही माहिती काका, मामा, शेजारी यांच्याकडून मिळतच असते. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यास ती मिळत नाही; त्याला मिळते ते रस्त्यावरचे जाहिरातफलक व खाजगी संस्थांच्या प्रतिनिधींची आश्वासने. आपण आकडा दडवला तर तो आकड्याविना निर्णय घेत नाही, दुसऱ्या कोणाच्या आकड्यावर घेतो.

मात्र सरसकट एक मध्यक न देता माहिती विषयवार द्यावी. एकूण पदवीधर किती, त्यांपैकी किती जणांशी संपर्क झाला, किती पुढे शिकत आहेत, किती काम शोधत आहेत, हे आधी यावे, वेतन त्यानंतर. ते पहिल्या नियुक्तीचे न देता तीन वर्षांनंतरचे द्यावे, मध्यकासोबत खालच्या चतुर्थांशाची मर्यादाही द्यावी, कारण सामान्य पालकास 'फार तर किती' यापेक्षा 'कमीत कमी किती' हे जाणून घेण्याची गरज अधिक असते. कंत्राटी व कायम यांची वेगळी नोंद हवी. आणि हा तक्ता शाखा निवडताना नव्हे, तर शाखा ठरल्यावर एकाच विषयाच्या दोन महाविद्यालयांत निवड करताना अधिक विश्वासार्ह असतो, हे त्याखालीच छापावे. इतिहास शिकावा की रसायनशास्त्र, हे ठरवण्यास तो दुबळा आहे. अमुक संस्थेची वाढीव फी देणे सार्थ आहे काय, हे तपासण्यास पुरेसा आहे.

या कामास केंद्र शासनाच्या मोठ्या यंत्रणेची वाट पाहण्याची आवश्यकता नाही. एका विभागाच्या ६० विद्यार्थ्यांपैकी प्रत्येकास तीन वर्षांनी दूरध्वनी करणे दोन प्राध्यापकांना एका आठवड्यात शक्य आहे. जे फोन उचलणार नाहीत, त्यांची संख्या तेवढी खोडू नये.