घरची शाळा : लाभ आणि जोखीम

हैदराबाद शहराच्या आग्नेय भागात, विजयवाड्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर दिलसुखनगर ही गजबजलेली वस्ती आहे. शिकवणी वर्गांसाठी हा भाग प्रसिद्ध आहे. नोकरी-व्यवसायानिमित्त मराठवाड्यातून येऊन हैदराबादेत स्थायिक झालेल्या मराठी पालकांपुढे मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न काहीशा वेगळ्या स्वरूपात उभा राहतो. शाळेचे माध्यम बहुधा इंग्रजी असते. तेलंगणात २०१८ च्या कायद्यान्वये पहिली ते दहावीपर्यंत तेलुगूचे अध्यापन अनिवार्य झाले आहे व ज्या राज्यात राहावयाचे त्या राज्याची भाषा मुलांस यावी हे योग्यच होय. तथापि या सर्वांत मराठी उरते ती घरापुरती. विसाव्या शतकाच्या आरंभी केशवराव कोरटकर यांच्यासारख्या धुरीणांनी हैदराबादेत विवेकवर्धिनी संस्था उभारली, त्यामागेही हीच चिंता होती. परंतु ती मुसी नदीच्या पलीकडे. लहान मुलांस दररोज तेथे पाठविणे दिलसुखनगरच्या प्रत्येक कुटुंबास जमेलच असे नाही.

अशा स्थितीत मूल शाळेत न घालता घरीच शिकवावे, असा विचार काही पालकांच्या मनात येतो. मोठ्या शहरांतून असे प्रयोग करणारी कुटुंबे आढळतात आणि ग्रामीण भागातील शिक्षकांसही याविषयी विचारणा होऊ लागली आहे. म्हणून या मार्गाची दोन्ही अंगे वाचकांपुढे ठेवणे उचित ठरेल.

घरी शिकविणे ही कल्पना महाराष्ट्रास नवी नाही. अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकापवाद सोसून आपल्या पत्नीस संस्कृत शिकविले आणि त्या मातेने, लक्ष्मीबाईंनी, तीर्थाटनाच्या धावपळीत आपल्या मुलीस विद्या दिली. हीच मुलगी पुढे पंडिता रमाबाई म्हणून विख्यात झाली. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी तिची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. त्या काळी विद्येची कसोटी सभेत लागत असे. शाळेचा दाखला कोणी मागत नव्हते. आज मात्र तो पदोपदी मागितला जातो आणि घरच्या शाळेची खरी अडचण येथेच आहे.

अलीकडचे एक उदाहरण बोलके आहे. मुंबईच्या मालविका जोशी हिला सातवीच्या सुमारास शाळेतून काढून घरी शिकविण्याचा निर्णय तिच्या आईने घेतला व त्यासाठी स्वतःची नोकरी सोडली. संगणकाची आज्ञावली लिहिण्यात मालविकाचे मन रमले. या विषयाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड स्पर्धेत तिने दोन रौप्य व एक कांस्य अशी तीन पदके मिळविली. एवढे असूनही बारावीचे प्रमाणपत्र नसल्यामुळे आय.आय.टी.चे दार तिला बंद राहिले. चेन्नईच्या गणित संस्थेने तिची योग्यता ओळखून तिला प्रवेश दिला आणि २०१६ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने तिला शिष्यवृत्तीसह घेतले. ही यशोगाथा सांगताना तिच्यातील बंद दाराचा भाग पुष्कळदा गाळला जातो. असामान्य बुद्धीच्या मुलीस दुसरे दार मिळाले. सामान्य मुलास ते मिळेलच असे गृहीत धरणे धाडसाचे होय.

लाभ मात्र खरे आहेत. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात हजेरी, शिस्त व वह्या तपासणे यांत जो वेळ जातो तो घरी वाचतो. भागाकार समजला नाही तर त्यावर आठवडाभर थांबता येते. समजला तर त्याच दिवशी पुढे जाता येते. मुलाचे पहिले वाचन मातृभाषेत होऊ शकते. बाजारचा हिशेब, स्वयंपाकातील मोजमाप, आजीने सांगितलेली गावाकडची माहिती, हे सारे अभ्यासाचेच साहित्य बनते. दिलसुखनगरसारख्या ठिकाणी गल्लीत तेलुगू, बाजारात हिंदी व घरात मराठी अशा तीन भाषा मूल सहज उचलते, ही तर मोठीच जमेची बाजू आहे.

परंतु यासाठी घरातील एका जाणत्या माणसाचा दिवसच्या दिवस द्यावा लागतो. हा भार बहुधा आईवर पडतो आणि तिचे वेतन थांबते, याचा हिशेब आरंभीच मांडलेला बरा. प्रयोगशाळा नाही, सांघिक खेळ नाहीत, भांडून पुन्हा मैत्री करावयास समवयस्क सोबती नाहीत. ही उणीव प्रयत्नपूर्वक भरून काढावी लागते. टाळेबंदीच्या काळात, जुलै २०२० पासून, सह्याद्री वाहिनीवरील ‘टिलीमिली’ मालिकेमुळे असंख्य घरांत पालक मुलांसह शिकावयास बसले. मात्र तेव्हा मुलांची नावे शाळेच्या पटावर होती, हा फरक ध्यानात घ्यावा.

कायद्याची स्थिती अशी आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार ६ ते १४ वर्षे वयाच्या बालकास शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य आहे. मात्र ते न पाळणाऱ्या पालकास त्यात शिक्षा सांगितलेली नाही. घरी राहून शिकण्याचा स्पष्ट हक्क २०१२ च्या दुरुस्तीने दिला तो बहुविकलांग व तीव्र विकलांग बालकांना. अशा बालकांच्या पालकांपर्यंत ही माहिती पोहोचविणे, हे गावपातळीवरील कर्मचाऱ्यांनी विशेष अगत्याने करावयाचे काम आहे. इतर मुलांच्या बाबतीत, पटावर नाव नसलेले मूल सर्वेक्षणात ‘शाळाबाह्य’ म्हणूनच नोंदले जाते. वीटभट्टीवरील मूल आणि घरी नियमाने शिकणारे मूल नोंदवहीत एकाच रकान्यात बसते. सर्वेक्षण करणाऱ्या शिक्षकांनी पालकांशी सौजन्याने बोलून वस्तुस्थिती समजून घ्यावी. ‘घरीच शिकवतो’ या उत्तराआड बालमजुरी अथवा मुलीवर टाकलेली धाकट्या भावंडांची जबाबदारी तर दडलेली नाही ना, हेही पाहावे.

प्रमाणपत्रासाठी मार्ग उपलब्ध आहे. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत वयाची १४ वर्षे पूर्ण झाल्यावर दहावीसाठी नाव नोंदविता येते. पाच विषय घ्यावयाचे असून भाषाविषयांत मराठीही आहे, ही हैदराबादच्या मराठी कुटुंबांस उपयुक्त बाब होय. नोंदणी पाच वर्षे चालते, त्या अवधीत परीक्षेच्या नऊ संधी मिळतात आणि एकेक विषय उत्तीर्ण होत पुढे जाता येते. महाराष्ट्रात राहणाऱ्यांस राज्य मंडळाचा सतरा नंबरचा अर्ज भरून खाजगी विद्यार्थी म्हणून दहावी-बारावीस बसता येते. त्यासाठी शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. मुलास शाळेतून काढताना तो दाखला व जन्माचा दाखला जपून ठेवावा.

घरचा प्रयोग साधला नाही, तर परतीची वाट खुली आहे. कायद्याच्या चौथ्या कलमानुसार असे मूल त्याच्या वयाला अनुरूप इयत्तेत दाखल करून घ्यावयाचे आहे व मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचा त्यास हक्क आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. दहा वर्षांचे मूल घेऊन पालक शाळेत आल्यास मुख्याध्यापकांनी त्यास पहिलीत बसवू नये.