वाडा, गल्ली, वेस : वस्त्यांची नावे आणि त्यांची नोंद

हिरण्यकेशी नदीच्या परिसरात वसलेले आजरा हे कोल्हापूर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण संकेश्वर-बांदा मार्गावर आहे. या मार्गाच्या एका टोकाकडे बेळगावचा मुलूख, तर दुसरीकडे आंबोलीचा घाट उतरताच कोकण लागते. बेळगावी वस्तीस ‘गल्ली’ म्हणतात, कोकणात ‘वाडी’ किंवा ‘आळी’. आजरा तालुका या दोहोंच्या मध्ये असल्याने येथे गल्ल्याही आहेत आणि पेद्रेवाडी, झुलपेवाडी, मुमेवाडी अशी गावेही. आवंडीसारख्या डोंगराळ भागात धनगरवाडे आहेत. ही वस्ती गावापासून दूर का, याचे उत्तर गुरांच्या चराईत सापडते.

वस्तीचे नाव बहुधा कोणी ठरवून ठेवलेले नसते. वापरातून ते रूढ होते. कोल्हापूर शहरात तीन वाटा मिळतात त्या जागेस ‘तिकटी’ म्हणतात. पापाची तिकटी, मिरजकर तिकटी ही नावे त्यातूनच आली. गंगावेशीची वेस राहिली नाही, नाव मात्र राहिले. वरुणतीर्थ हे एके काळी तळे होते. ते बुजवून झालेले मैदान आज गांधी मैदान म्हणून ओळखले जाते आणि पावसाळ्यात तेथे पाणी साचते. लगतच्या वस्तीस अजून वरुणतीर्थ वेश म्हणतात. गटारांचा आराखडा करणाऱ्यास एवढे नावही पुष्कळ सांगून जाते!

परंतु सर्वच नावे जपण्याजोगी नाहीत. महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती या नावांनी माणसाची जात त्याच्या पत्त्यालाच चिकटवून ठेवली. शाळेच्या दाखल्यापासून टपालापर्यंत तो कमीपणा पिढ्यान्‌पिढ्या सोसावा लागला. राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये अशी जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला व त्याच महिन्यात सामाजिक न्याय विभागाचा शासन निर्णय निघाला. समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर ही नावे त्यात उदाहरणादाखल सुचविली होती. हा निर्णय योग्यच होता. त्यास फार पूर्वीच मुहूर्त मिळावयास हवा होता.

प्रश्न उरतो तो नोंदीचा. वतनी जमिनींच्या जुन्या कागदांत वस्तीचा उल्लेख जुन्याच नावाने असतो. नव्या नावाच्या ठरावात जुन्याचा निर्देशच नसेल, तर पन्नास वर्षांनी त्या कागदाचा आणि त्या जागेचा मेळ घालणे वारसांना अवघड जाईल. शिवाय प्रत्येक गावी तीच चार-पाच नावे दिली, तर त्या जागेची स्वतःची ओळख कोणती? ओढा, जुने झाड, तेथील एखाद्या कार्यकर्त्याची आठवण यांतूनही चांगले नाव निघू शकते. मात्र ते रहिवाशांनी सुचविलेले असावे.

या कामी शिक्षकांचा मोठा उपयोग होईल. वडीलधाऱ्यांकडून नावाच्या दोन हकीकती मिळाल्या तर दोन्ही लिहून घ्याव्यात. शब्दाच्या नादावर रचलेल्या कथा रंजक असतात, पण फेरफार नोंदी व जुने नकाशे पाहिल्याखेरीज त्या खऱ्या धरू नयेत. सातबारा उताऱ्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ लिहिण्यास जागा असते. ग्रामपंचायतीने नामांतराच्या ठरावासोबत वस्तीचे जुने नाव, ते किती काळ चालले आणि कशावरून पडले, एवढे एका पानावर लिहून दप्तरी ठेवावे.