तिसावी मिरची

मंडईत वाकडी ढोबळी मिरची मागितली, तेव्हा भाजीवाल्या मावशी माझ्याकडे बघतच राहिल्या.

"भरायला पाहिजे का भाजीला?"

म्हटलं, फोटो काढायचाय. त्यांनी लगेच पाटीतल्या सरळ, तुकतुकीत मिरच्या पुढे सारल्या. "मग चांगली घ्या की दादा. फोटोत वाकडी कशाला?" शेवटी बाजूला काढलेल्या ढिगातून मी तीन उचलल्या. मावशींनी त्यांचे पैसे घेतले नाहीत.

या उद्योगाचं मूळ एडवर्ड वेस्टन. त्याचं 'पेपर नंबर ३०' हे १९३० सालचं कृष्णधवल छायाचित्र मी पुस्तकांत कितीदा तरी पाहिलं होतं. एकच ढोबळी मिरची. पण कधी तिच्यात पाठमोरा पैलवान दिसतो, कधी एकमेकांना बिलगलेली दोन माणसं. हे त्यानं साधलं कसं, ते एकदा स्वतः करून बघावं असं फार दिवस मनात होतं.

वेस्टनचा जन्म १८८६चा, अमेरिकेतल्या इलिनॉयमधला. सोळाव्या वर्षी वडिलांनी कोडॅकचा साधा कॅमेरा हातात दिला. पुढे कॅलिफोर्नियात त्यानं स्टुडिओ थाटला. गिऱ्हाइकांचे चेहरे टिपायचे, निगेटिव्हवर हात फिरवून सुरकुत्या घालवायच्या, आणि प्रदर्शनांत धूसर, रंगचित्रासारखे फोटो लावून नाव कमवायचं, असं बरं चाललं होतं. १९२२मध्ये ओहायोतल्या एका पोलाद कारखान्याची धुराडी त्यानं टिपली आणि तो धूसरपणा त्याला नकोसा झाला. पुढच्याच वर्षी तो मेक्सिकोला गेला. तिथे शौचकूपाचं भांडंसुद्धा त्यानं एखाद्या शिल्पाच्या इतमामानं टिपलं. १९२९मध्ये तो कार्मेलला येऊन राहिला. पोटासाठी माणसांचे फोटो आणि उरल्या वेळात मिरच्या, शिंपले, भोपळे.

मिरचीच्या मागे काय ठेवायचं, हा त्याचा खरा पेच होता. कापड झालं, पांढरा पुठ्ठा झाला. १९३०च्या ऑगस्टमध्ये त्यानं पत्र्याचं नरसाळं आडवं ठेवलं आणि मिरची त्याच्या तोंडात बसवली. मी बोहरी आळीतून तसंच एक आणलं. दुकानदार प्लॅस्टिकचं घ्या म्हणत होता, हलकं असतं म्हणून.

आधी मिरची नुसती टेबलावर ठेवून पाहिली. टेबलाची कड दिसली, भिंत दिसली, सावली पडली. सगळा स्वयंपाकघराचा थाट. नरसाळ्यात ठेवली आणि कडा-कोपरे नाहीसेच झाले. मागे नुसता काळोख गोल वळत गेलेला. खिडकीतला उजेड पत्र्यावर आपटून परत येत होता आणि मिरचीच्या पलीकडच्या खांद्यावर एक बारीक चकाकती रेघ ओढत होता. ती रेघ नसती तर मिरची अंधारात विरली असती.

इतक्या जवळून टिपताना पुढचा फुगवटा स्पष्ट आला तर मागचा पुसट होतो. म्हणून भिंगाचं छिद्र जेवढं होईल तेवढं बारीक करायचं. मग उजेड थेंबाथेंबानं आत येतो. मी ३० सेकंद दिले. पाचव्या वेळी शेजारचा फ्रिज घरघरला, आठव्या वेळी वरच्या मजल्यावर मिक्सर लागला. दोन्ही फोटो हलले.

वेस्टनची फिल्म ८ बाय १० इंचांची. ती कागदावर काचेखाली दाबून तेवढाच प्रिंट काढायचा, म्हणजे मागाहून मोठं करणं किंवा कातरणं नाही. जे ठरवायचं ते आधीच, कॅमेऱ्याच्या दुधी काचेवर, आणि तिथे प्रतिमा उलटी दिसते. मला ही अडचणच वाटली होती. मग माझा फोटो पडद्यावर उलटा करून पाहिला. देठ कुठला, बूड कुठलं, हा हिशेब सुटला. उरले दोन फुगवटे आणि त्यांच्यामध्ये उतरत गेलेली एक खोल घळ. मिरची मी पहिल्यांदा तेव्हा पाहिली.

त्यानंतर तिला सुपारीएवढंसुद्धा नाही, तांदळाएवढं फिरवत बसलो. एवढ्यानंही घळीतला काळोख सरकत होता. त्याच्या शीर्षकातला तीसचा आकडा आता निराळा वाटू लागला. तोवर मिरच्यांच्या किमान तीस निगेटिव्ह त्यानं केल्या होत्या. माझ्या सतरा झाल्या. चौदाव्यात खांदा जरा जमला होता.

चारच्या सुमाराला साल मऊ पडली, बारीक सुरकुती आली. "झालं का तुझं?" आईनं आतून विचारलं. "पीठ पेरून भाजी करते." वेस्टनच्या मिरच्याही अखेर सॅलडमध्ये गेल्या होत्या, तेव्हा हरकत घ्यायला मला जागा नव्हती. दोन मिरच्या मुकाट्यानं तिच्याकडे दिल्या.

तिसरी, सगळ्यात वाकडी, नरसाळ्यातच राहू दिली. सकाळचा उजेड दुसऱ्या खिडकीतून येतो.