दोष यीस्टचा की मोजणीचा?

ब्रिटनमध्ये १९६३ साली घरगुती बिअरवरची परवान्याची अट उठली, अमेरिकेत १९७८च्या कायद्याने तशी मुभा मिळाली, आणि तेव्हापासून तिथल्या स्वयंपाकघरांत माल्ट उकळणाऱ्या हौशी मंडळींना एक कोडं पडत आलं आहे: हायड्रोमीटरचा, म्हणजे द्रवात तरंगून त्याची घनता दाखवणाऱ्या काचेच्या नळीचा, आकडा कृतीत दिलेल्या आकड्याशी जुळत का नाही? (महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय घरी मद्य बनवणं हा गुन्हा आहे, हे इथेच सांगितलेलं बरं.) माल्टचा गोड काढा, म्हणजे वर्ट, साखरेमुळे पाण्याहून जड असतो. पाण्याची सापेक्ष घनता १.००० धरली तर नेहमीच्या बिअरचा वर्ट १.०५०च्या आसपास भरतो आणि यीस्टने साखर फस्त केल्यावर आकडा १.०१०पर्यंत उतरतो. दोन्हींतल्या फरकाला १३१ने गुणलं की अल्कोहोलची टक्केवारी मिळते, इथे सव्वापाच. आकडा बिघडला की खापर यीस्टवर फुटतं. माझ्या मते पहिला संशय मोजणीवर घ्यायला हवा, आणि त्याला भक्कम कारणं आहेत.

सुरुवातीचा आकडा कमी आला, ही सर्रास ऐकू येणारी तक्रार घ्या. तिसऱ्या दशांश स्थळावरच्या एका एककाला एक अंश म्हणू. माल्ट अर्काची एक किलो पूड विरघळवून एकूण एक लिटर द्रावण केलं, तर साधारण ३७० अंश मिळतात. तीन किलो पुडीचं २० लिटर द्रावण केलं, तर १.०५५ यायलाच हवं. प्रत्यक्षात १.०४० दिसलं, तर उरलेली साखर गेली कुठे? ती कुठेही गेलेली नाही. घट्ट वर्ट थोड्या पाण्यात उकळून वरून थंड पाणी ओतलं, की जड थर तळाशी बसतो आणि वरच्या नमुन्यात पातळ पाणीच जास्त येतं. अशा वेळी घाबरून साखर घातली, तर बिअर ठरवल्यापेक्षा कडक होते. भरपूर ढवळून पुन्हा मोजणं एवढाच इलाज आहे. मग तापमान पाहावं. बहुतेक हायड्रोमीटर २० अंश सेल्सियसला जुळवलेले असतात. वर्ट ४० अंश सेल्सियसवर असताना मोजला, तर तो प्रसरण पावल्यामुळे आकडा सहा-सात अंशांनी कमी दिसतो. उलट, आंबत्या बिअरमधले वायूचे बुडबुडे काचेच्या नळीला चिकटून तिला वर उचलतात आणि आकडा फुगतो. म्हणून नमुना दोन पेल्यांत आलटून पालटून ओतून त्यातला वायू घालवावा, नळीला बोटांनी गिरकी द्यावी आणि ती स्थिर झाल्यावर डोळा द्रवाच्या पातळीला आणून वाचावं. नळीतली कागदी पट्टी सरकलेलीही असू शकते. २० अंशांच्या शुद्ध पाण्यात ती १.००० दाखवते का, हे तपासायला दोन मिनिटं पुरतात.

आंबवण मध्येच अडकल्याचा सर्वांत फसवा भास रिफ्रॅक्टोमीटर घडवतो. नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांना हे उपकरण चांगलं परिचयाचं आहे. थेंबभर रस काचेवर ठेवायचा आणि ब्रिक्स, म्हणजे साखरेची टक्केवारी, वाचायची. प्रकाश द्रावणात किती वाकतो, यावरून ते साखर सांगतं. पण अल्कोहोलही प्रकाश पाण्यापेक्षा जास्त वाकवतं, तर घनता मात्र कमी करतं. त्यामुळे १.०५०वरून १.०१०वर पोचलेल्या, पूर्ण आंबलेल्या बिअरमध्ये ते सहा ब्रिक्सच्या थोडं वर दाखवतं. सरळ रूपांतर केलं तर हे १.०२४च्या आसपास येतं. यीस्टने काम चोख केलेलं असतं, उपकरणाला मात्र विचारू नये तो प्रश्न विचारलेला असतो. सुरुवातीचा ब्रिक्स ठाऊक असेल तर सूत्राने दुरुस्ती करता येते, नाहीतर शेवटचं मोजमाप हायड्रोमीटरनेच घ्यावं.

यावर कोणी म्हणेल, यीस्ट खरोखरच थकतं, मग मोजणीलाच दोष का? आक्षेप रास्त आहे. थंडीने यीस्ट सुस्तावतं. धान्यापासून वर्ट करणाऱ्याने माल्ट ६५ऐवजी ७० अंश सेल्सियसवर भिजवला, तर न आंबणारी लांब साखळीची साखर जास्त उरते आणि शेवटचा आकडा खरोखरच वर राहतो. भरड जाडी राहिली, तर सुरुवातीचाही आकडा खरोखर पडतो. पण मोजणी निर्दोष ठरल्यावरच या शंकांना अर्थ येतो, आणि त्या तपासण्याची पद्धतही आहे. थोडा वर्ट बाजूला काढून त्यात सढळ हाताने यीस्ट घालावं आणि तो दोन-तीन दिवस उबेत ठेवावा. तो जिथे थांबेल, तीच त्या वर्टची खालची मर्यादा. मुख्य भांडं त्याच्या बरंच वर थांबलं असेल, तर आंबवण खरंच अडकली आहे.

आकडा अपेक्षेपेक्षा खाली गेला, तर लोक खूश होतात. मला ती स्थिती अधिक काळजीची वाटते. डायस्टॅटिकस हा यीस्टचा प्रकार एसटीए-१ या जनुकामुळे असं विकर स्रवतो, जे लांब साखळीची साखरही तोडतं. हे काम आठवडेच्या आठवडे, बाटलीतही चालू राहतं. एक अंश उतरला की लिटरमागे सुमारे एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. नेहमीच्या बिअरमध्ये तो पाच ग्रॅमच्या आसपास असतो, म्हणजे बाटलीत आणखी चार-पाच अंश उतरले तर वायू जवळपास दुप्पट होतो आणि काच फुटू शकते. झाकणावरच्या नळीतले बुडबुडे थांबले, एवढ्यावर विसंबू नका. झाकण सैल असलं तरी ते थांबतात. तीन दिवसांच्या अंतराने दोनदा मोजा, आणि आकडा हलला नसेल तरच बाटल्या भरा.