मुलांची बातमी आणि किल्लारीचा भूकंप

शाळेत मुलांना कधी कधी असा प्रकल्प मिळतो, की एखाद्या जुन्या दुर्घटनेची बातमी तयार करा. कुणी भित्तिपत्रक करतं, कुणी मोबाईलवर पाच मिनिटांची बातमी रेकॉर्ड करतं. मग मूल घरी येऊन विचारतं, "आई, काय लिहू?" आपल्याला वाटतं, हे गुरुजींचं काम. पण इथे आपल्या गटाचा मोठा उपयोग होतो. तो कसा, हे आम्ही आज किल्लारीच्या भूकंपावरून सांगणार आहोत.

बातमीत सहा प्रश्नांची उत्तरं लागतात: काय, कुठे, कधी, कोण, कसं आणि का. पहिली उत्तरं लवकर सापडतात. गुरुवार, ३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. लातूर जिल्ह्यातलं किल्लारी, तेव्हाच्या उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातलं सास्तूर आणि भोवतालची गावं. आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालेलं, दमलेले लोक गाढ झोपेत होते.

त्या दिवशीचे सकाळचे पेपर भूकंपाच्या आधीच छापून झाले होते. म्हणून वाचनालयात १ ऑक्टोबरपासूनचे आठ-दहा दिवसांचे अंक मागायला मुलांना सांगा. मृतांचा आकडा रोजच्या रोज वहीत उतरवू द्या. ढिगारे उपसले जातात तसा असा आकडा बदलतो. आजसुद्धा कुठे आठ हजारांच्या आसपास लिहिलेलं सापडतं, कुठे जवळपास दहा हजार. तेव्हा आकडा लिहिला की तो कुठून घेतला, हेही शेजारी लिहायचं. मोबाईलवर आलेला फोटो कुठला, कधीचा हे कळत नसेल, तर तो चिकटवायचा नाही.

आता 'का'. बहुतेक प्रकल्प इथेच थांबतात. "निसर्गाचा कोप झाला" एवढं लिहून पान संपतं. भूकंपाची तीव्रता सहाच्या थोडी वर होती. तो जमिनीत फार खोल नव्हता, त्यामुळे हादरा जोराचा बसला. पण माणसं मेली ती मुख्यतः घरांखाली. दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद. दगडांना मातीचाच आधार. हादरा बसताच भिंती फुटल्या आणि दगड-माती झोपलेल्यांवर आली. आदल्या वर्षी, ऑक्टोबर १९९२ मध्ये, किल्लारी भागात लहान धक्के बसले होते, हेही बातमीत यायला हवं.

हे आपण मुलांना नीट समजावू शकतो. माळवदावर दरवर्षी माती टाकणं, भिंत सारवणं हे आपल्या हातचं काम. आपल्याच गल्लीतली जुनी घरं मुलांना दाखवा. भिंतीला भेग आहे का, फुगवटा आहे का, माळवदावर मातीचे थर किती चढलेत, हे त्यांना पाहू द्या. भिंतीत आरपार जाणारे लांब दगड आणि सगळ्या भिंतींना बांधून ठेवणारा काँक्रीटचा पट्टा का लागतो, ते गावातल्या जाणत्या गवंड्याला विचारू द्या. तेव्हा जुनी बातमी आजच्या घराला उपयोगी पडते.

पुढची गोष्ट जपून करायची आहे. गावात भूकंप पाहिलेल्या आजी असतील, सून होऊन आलेली त्या भागातली एखादी ताई असेल. "तुमच्या घरचे किती गेले?" असा प्रश्न मुलांनी एकदम विचारू नये. आधी कुणीतरी मोठ्या बाईने जाऊन त्यांची परवानगी घ्यावी. नाही म्हणाल्या, तर विषय तिथेच सोडावा. हो म्हणाल्या, तर विचारावं, "तुमचं जुनं गाव कसं होतं?" त्या रडल्या, तर रेकॉर्डिंग बंद करावं आणि जवळ बसावं. छापण्याआधी लिहिलेलं त्यांना वाचून दाखवावं. नाव द्यायचं की नाही, हे त्यांनी ठरवावं.

आणखी एक गोष्ट मुलांना मोजायला सांगा. जुन्या बातम्यांत बायकांचे रडतानाचे फोटो किती, आणि बायकांचं म्हणणं किती ठिकाणी? भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली, इतर गावांत घरांची दुरुस्ती झाली. त्या दुरुस्तीच्या कामात गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका संवाद सहायक म्हणून सरकार आणि गावकरी यांच्यात दुवा झाल्या. घर मजबूत कसं करायचं, हे त्यांनी शिकून घेतलं आणि घरोघरी सांगितलं. मुलांच्या बातमीत त्यांनाही जागा हवी.

पुढच्या मासिक बैठकीत बचतीचा हिशेब झाला की अर्धा तास यासाठी ठेवा. मुलांना बोलवा, त्यांची बातमी ऐका आणि शेवटी एवढंच विचारा, "आपल्या गावात असा धक्का बसला, तर कुठली घरं आधी पडतील?" उत्तराची यादी ग्रामसभेत मांडा.