झोपेतला श्वास – भाग ७ : मास्क कधी काढायचा?

गेल्या आठवड्यात स्लीप स्टडीचा, म्हणजे झोपेतल्या श्वासाच्या तपासणीचा, अहवाल कसा वाचायचा ते पाहिलं. अहवाल हातात आला, डॉक्टरांनी सीपॅप, म्हणजे मास्कमधून नाकात सतत हवा सोडणारं यंत्र, लिहून दिलं, ते घरी आलं आणि चार वर्षांची मुलगी मास्क नाकाजवळसुद्धा येऊ देत नाही. बहुतेक घरांत घोडं इथेच अडतं. पहिल्या रात्री आई हात धरते, बाबा पट्टा आवळतात, मूल किंचाळतं आणि अर्ध्या तासाने सगळे थकून मास्क बाजूला ठेवतात. चार-आठ दिवसांत यंत्र कपाटावर जातं. मुलाचं घोरणं, घुसमटणं मात्र पहिल्यासारखंच चालू राहतं.

टॉन्सिल्सचं ऑपरेशन झालंय, मग हे यंत्र कशाला, असं पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. दोन ते आठ या वयात टॉन्सिल्स आणि नाकामागचे अ‍ॅडेनॉइड्स घशातल्या जागेच्या मानाने सर्वांत मोठे असतात, म्हणून मुलांमध्ये पहिला उपाय बहुधा ते काढण्याचाच असतो. अमेरिकेत पाच ते नऊ वर्षांच्या ४६४ मुलांवर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ऑपरेशन झालेल्या ७९ टक्के मुलांची स्लीप स्टडी सात महिन्यांनी सामान्य झालेली आढळली. नुसतं लक्ष ठेवलेल्या मुलांमध्ये हे प्रमाण ४६ टक्के होतं. ऑपरेशन उपयोगी आहे, यात शंका नाही. पण एरवी निरोगी असलेल्या मुलांमध्येही पाचातल्या एकाचा त्रास उरलाच. डाउन सिंड्रोम, जन्मतः लहान जबडा, स्नायूंची दुर्बलता किंवा जास्त वजन असलेल्या मुलांमध्ये तो उरण्याची शक्यता आणखी जास्त. डाउन सिंड्रोम असलेल्या प्रत्येक मुलाची, घोरत असो वा नसो, चार वर्षांच्या आत स्लीप स्टडी करावी, असं अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते ते याचमुळे. सीपॅप बहुधा या मुलांच्या वाट्याला येतं.

यंत्र करतं ते काम साधं आहे. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली ‘लॅन्सेट’मध्ये पाच रुग्णांची हकिगत छापली. नाकातून हलक्या दाबाने सतत हवा सोडली की झोपेत मिटणारा घसा उघडा राहतो, एवढंच त्यांनी दाखवलं होतं. त्याआधी आजार तीव्र असेल तर गळ्याला छिद्र पाडून नळी बसवणं हाच खात्रीचा मार्ग होता. त्या पाच जणांना लागलेला दाब होता ४.५ ते १० सेंटिमीटर पाण्याइतका. म्हणजे बादलीत बोट तेवढं बुडवल्यावर टोकाला जाणवेल तेवढाच. आपल्या भोवतालच्या हवेचा दाब याच मापात हजार सेंटिमीटरच्या वर भरतो, त्यापुढे हा शतांशाच्या आसपासचा. ‘एवढ्या जोराच्या हवेने लेकराची फुप्फुसं फुटतील’ ही भीती मी पुष्कळ घरांत ऐकली आहे. ठरवून दिलेल्या या दाबाबाबत ती मनातून काढून टाकावी.

मुलीला मात्र सेंटिमीटर कळत नाहीत. तिला कळतं ते असं: डोक्यामागे काहीतरी आवळलं गेलंय, नाकावर थंडगार रबर बसलंय आणि समोरून वारा आत घुसतोय. श्वास बाहेर सोडताना त्या वाऱ्याला ढकलावं लागतं. रडायला तोंड उघडलं की नाकातून शिरलेली हवा भस्सकन तोंडातून बाहेर येते, आवाज भलताच निघतो आणि ती आणखी घाबरते. मोठ्या माणसालाही हे पहिल्यांदा विचित्र वाटतं. पालकांनी हवा आधी स्वतःच्या नाकाशी लावून बघावी, मगच ‘काही होत नाही गं’ म्हणावं.

अशी भीती कशी उतरते, याचा एक जुना आणि नीट नोंदवलेला दाखला आहे. न्यूयॉर्कमध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ साली पीटर नावाने नोंदवलेल्या, तीन वर्षांच्याही आतल्या एका मुलाची गोष्ट प्रसिद्ध केली. त्याला सशाची भयंकर भीती वाटायची. जोन्सबाईंनी त्याला आवडीचा खाऊ द्यायचा आणि त्याच वेळी पिंजऱ्यातला ससा खोलीत लांब ठेवायचा, असं सुरू केलं. तो निवांत खातोय असं दिसलं की ससा थोडा जवळ. असं करत करत शेवटी तो सशाला हात लावू लागला, त्याच्याशी खेळू लागला. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या केनेडी क्रीगर इन्स्टिट्यूटमध्ये कीथ स्लायफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीपॅप नको म्हणणाऱ्या लहान मुलांसाठी आखलेली पद्धत याच विचारावर उभी आहे. भीतीची गोष्ट थोडी थोडी जवळ आणायची आणि मूल मजेत असताना आणायची.

म्हणून पहिली गोष्ट: मास्कची ओळख दिवसा करायची, मूल पोटभर जेवलेलं आणि खेळकर असताना. रात्री दहाला, पेंगुळलेल्या, चिडचिड्या मुलाबरोबर हे काम होत नाही. मास्क यंत्रापासून सुटा करून खेळण्यांत ठेवा. आधी बाहुलीला लावा, आईला लावा, दादाला लावा. मग तिच्या हातावर, गालावर, नाकावर, पट्टे न लावता, ‘एक, दोन, तीन’ म्हणेपर्यंत. दुसऱ्या दिवशी पाचपर्यंत. पट्टे आले की आवडतं कार्टून सुरू, मास्क निघाला की कार्टून बंद. ते कार्टून दिवसात इतर कधीही दिसता कामा नये, नाहीतर त्याची किंमत राहत नाही. यंत्राचा आवाजही असाच आधी खोलीच्या दुसऱ्या टोकाला, मग जवळ. हवेची ओळख हातापासून: नळीचं तोंड तळहातावर धरायचं, कागदाचा कपटा उडवायचा, मग गालावर वारा घ्यायचा.

एका गोष्टीबद्दल मी आग्रही आहे. मास्कला नळी जोडून यंत्र बंद ठेवू नका. हवा नसलेला मास्क कोंडतो, आणि एकदा कोंडल्यासारखं वाटलं की मागची सगळी मेहनत वाया जाते. हवा सुरू करायची, ती मंद असताना मास्क नाकाला लावायचा. बहुतेक यंत्रांत दाब हळूहळू वाढवण्याची सोय असते. ती कशी ठेवायची हे डॉक्टरांना विचारून घ्या, दाब मात्र आपल्या मनाने बदलू नका.

आता या भागाचा गाभा. मास्क लावायचा कसा याची काळजी सगळे करतात. तो काढायचा कधी, याकडे फारसं कुणाचं लक्ष नसतं, आणि मूल शिकतं ते नेमकं त्या काढण्याच्या क्षणी. मुलगी रडली, आईचं काळीज हललं, मास्क काढला. मुलीने काय टिपलं? रडलं की निघतो. उद्या ती लवकर रडेल आणि जोरात रडेल. यात तिचा हट्टीपणा मुळीच नाही. मोठी माणसंही अशीच शिकतात.

तेव्हा मास्क शांतपणाच्या क्षणी निघाला पाहिजे, आणि तो आईच्या हातांनी निघाला पाहिजे. पाचपर्यंत मोजायचं ठरलं असेल तर पाचला काढायचाच, भले ती मजेत असो. ‘अजून थोडं, अजून थोडं’ करत शब्द मोडला की तिचा विश्वास जातो. मध्येच ती कुरकुरली, हात मास्ककडे गेला, तर हात अलगद खाली आणायचा, त्यात बाहुली द्यायची, गाण्याची पुढची ओळ म्हणायची. दोन-तीन सेकंद का होईना, ती थांबली की लगेच: ‘किती छान थांबलीस गं! चल, काढूया.’ तिला मागण्याची वाटही द्या. ‘आई, काढ’ असं म्हटलं किंवा दोनदा हातावर थोपटलं की आई तीन म्हणून काढते, असा करार करा. बोलता न येणाऱ्या मुलांसाठी थोपटण्याची खूण फार मोलाची आहे. आपल्या हातात काहीतरी आहे हे कळलं की मुलं आश्चर्य वाटावं इतका वेळ मास्क ठेवतात.

ती रडायचं थांबतच नसेल, तर आपली पायरी फार उंच झाली असं समजावं. थोडी शांत झाल्यावर काढावा आणि उद्या आदल्या पायरीवरून सुरू करावं. हात बांधणं, दाबून धरणं नको. जुलमाचा रामराम एक रात्र चालेल, पण हे तर रोज रात्रीचं आहे. उलटी होत असेल, खोकल्याची उबळ असेल, श्वास खरोखर अडला असेल, तर हे सगळे नियम बाजूला. मास्क तत्क्षणी काढायचा. लहान मुलांना शक्यतो फक्त नाकावरचा मास्क देतात, त्याचं एक कारण हेच. तोंडही झाकलं असेल आणि उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते. स्वतःचा मास्क स्वतः काढता न येणाऱ्या मुलाला तोंड झाकणारा मास्क देण्याआधी डॉक्टरांशी नीट बोलणं झालंच पाहिजे. आजार तीव्र असेल आणि इतकं सावकाश चालणं परवडणारं नसेल, तर सुरुवात रुग्णालयात करायची का, हेही त्यांनाच विचारा.

मूल झोपल्यावर हळूच मास्क लावायचा, अशी युक्ती पुष्कळ जण करतात. मला ती एकटी पुरेशी वाटत नाही. रात्री जाग आली की तोंडावर अनोळखी वस्तू, आणि ती तिथे कशी आली हे ठाऊक नाही. दात घासणं, कपडे बदलणं, मास्क, मग गोष्ट, असा रोजचा क्रम लावला तर जाग आल्यावरही तो ओळखीचा असतो. सकाळी बक्षीस मोठं नको. कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकटीत आईच्या पाकिटातली एक टिकली तिने स्वतः चिकटवायची, आणि सगळ्यांसमोर तिचं कौतुक करायचं.

झोपेत मास्क ओढून काढला तर? दिसेल तेव्हा परत लावायचा, न रागावता, दिवा न लावता. ‘निम्मी रात्र तर झाली’ असं समाधान पालक करून घेतात, तिथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. स्वप्नांची झोप, म्हणजे रेम, रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते आणि मुलांचा श्वास सर्वांत जास्त अडतो तो याच झोपेत. दोन वाजता मास्क निघाला तर सगळ्यात गरजेचे तास उघडे पडतात. यंत्राच्या कार्डावर मास्क किती वाजता निघाला, हवा किती गळली, याची नोंद असते. तपासणीला जाताना ते कार्ड न्या.

आता आपल्या घरांतल्या दोन अडचणी. गादी जमिनीवर असते आणि यंत्र स्टुलावर. हवा दमट करणाऱ्या भांड्यातलं पाणी अशाने नळीतून घसरत नाकाशी येतं आणि मूल दचकून उठतं. यंत्र मुलाच्या डोक्याच्या पातळीला किंवा थोडं खाली, सपाट फळीवर ठेवा. जमिनीलगत धूळ जास्त, म्हणून फिल्टर वेळच्या वेळी बघा. दुसरी अडचण विजेची. दिवे गेले की यंत्र थांबतं आणि मास्कमध्ये उच्छ्वासाचीच हवा फिरू लागते, तेव्हा मास्क काढायचा. दिवे नेहमी जात असतील तर छोटा इन्व्हर्टर घेण्याचा खर्च सार्थकी लागतो.

आणि आजी. ‘अगं, तिला श्वास घेता येत नाही त्यात,’ म्हणत मध्यरात्री मास्क काढणारी आजी मायेपोटीच तो काढत असते. तिच्याशी वाद घालू नका. मास्क नसतानाचा नातीचा झोपेतला व्हिडिओ मोबाइलवर दाखवा: छाती वर-खाली होतेय, पण नाकातून हवा नाही, मान मागे ताणलेली, मग एकदम धाप. तो पाहिल्यावर आजीची तक्रार बहुधा थांबते. मग पट्टा लावायला तिलाच शिकवा. पट्ट्याखाली दोन बोटं सहज जावीत. जास्त आवळला तर मास्कची कड चुरगळते, हवा उलट जास्त गळते आणि नाकाच्या दांड्यावर वळ उठतो. सकाळचा वळ अर्ध्या तासात गेला तर ठीक, राहिला तर मास्क दाखवून घ्या.

मास्क दर काही महिन्यांनी तपासायचाच असतो, कारण मुलाचा चेहरा वाढत असतो. वर्षानुवर्षं एकाच जागी दाब पडला तर गालांची आणि वरच्या जबड्याची वाढ मागे पडू शकते. म्हणून दंतवैद्यांनाही अधूनमधून दाखवा आणि वेगळ्या जागी टेकणारे दोन मास्क आलटून पालटून वापरता येतील का, ते विचारा. काही मास्कच्या पट्ट्यांना चुंबकाची बटणं असतात. मुलाच्या डोक्यात शंट किंवा शरीरात दुसरं असं उपकरण बसवलेलं असेल, तर तसा मास्क घेण्याआधी डॉक्टरांना सांगा.

सर्दीत नाक बंद असताना मास्क सोसत नाही. अशा वेळी झोपण्याआधी सलाइनचे थेंब टाकून नाक मोकळं करा. तरीही जमलं नाही तर एक-दोन रात्री मास्कविना राहिलं तर चालेल का, हे यंत्र घरी नेतानाच विचारून ठेवा. उत्तर प्रत्येक मुलासाठी वेगळं असतं. सर्दी उतरली की थेट रात्री सुरुवात करू नका. दुपारी कार्टून लावून दहा मिनिटं मास्क घाला, दहा मिनिटं झाली की सांगितल्याप्रमाणे काढा, आणि त्याच दिवशी रात्री पुन्हा लावा.