चिबड रानाला वाट द्या

१९७६ साली पैठणचे धरण पुरे झाले, पुढे उजव्या कालव्याने पाणी माजलगावला आले आणि आपल्या भागात ऊस उभा राहिला. त्या पाण्याचे उपकार कोण नाकारील? पण काळ्या रानाला पाणी पाजले, बाहेर जायची वाट मात्र आपण ठेवली नाही. उन्हाळ्यात जमिनीवर पांढरी फूट दिसते, खोडवा पिवळा पडतो, अन् आपण युरियाचे आणखी एक पोते टाकतो. मुळीच गुदमरली तर खत खाणार कोण?

सभासद बंधूंनो, आधी ५ फूट खड्डा घेऊन बघा. ३ फुटांच्या आत पाणी लागले तर रान चिबडले समजा. उघडा चर जागा खातो, दर साली ढासळतो. शिरोळच्या श्री दत्त कारखान्याच्या पुढाकाराने तिथल्या शेतकऱ्यांनी क्षारपड जमिनीत छिद्रांचे पाइप गाडून पुन्हा ऊस घेतला. पाइपाला गाळणीचे कापड गुंडाळतात, नाहीतर तो गाळाने बुजायचा. खोली ३ ते ४ फूट, उतार सलग. मध्ये खळगा राहिला की पैसा मातीत. चोपण रानात माती तपासून जिप्समही लागते.

खरी अडचण शेजाऱ्याची. पाणी नाल्याला न्यायचे तर पाइप खालच्या रानातून जाणार, आणि सख्खे भाऊसुद्धा तिथेच अडतात. म्हणून शिवारातल्या सगळ्यांनी मिळून मुख्य पाइप टाकावा. घरच्या न्हाणीचे पाणी त्यात सोडू नये, ते परसातल्या केळीला द्यावे. मोजणी ऊस तुटल्यावर, पावसाआधी करून घ्या.